क्लेम सिडवेचा ढोल कुणी फाडला?

१

फोनवर डोरीन सिडवे काहीच बोलत नव्हती. नुसता श्वास ऐकू येत होता. डोरीन गप्प आहे म्हणजे काहीतरी आक्रीत घडलंय, हे हेस्टर विलेट्सला शाळेच्या बाकापासून ठाऊक होतं.

"बोल की गं."

"क्लेमचा ढोल फाडला कुणीतरी. ये लगेच. पोलिसांना मात्र कळवू नकोस."

"मीच पोलिसांत होते, डोरीन."

"होतीस. आता नाहीस. म्हणून तर तुला बोलावतेय."

हेस्टरनं कोट अंगात घातला आणि निघाली. नोव्हेंबरचं धुकं कालव्यावरून उठून क्रेडली हीथच्या छपरांवर ओल्या घोंगडीसारखं पसरलं होतं. हाय स्ट्रीटच्या टोकाला जुनं चॅपेल होतं. तिथली प्रार्थना कधीच थांबली होती. क्लेम गेल्यावर गावानं ते त्याच्या नावानं पुन्हा उघडलं. काल दुपारी हेस्टर सजावटीला आली, तेव्हा त्याचं दार ओलीनं फुगून चौकटीत रुतून बसलं होतं. आजही तिनं सवयीनं खांदा लावला, तर दार अलगद उघडलं आणि ती थेट पहिल्या बाकापर्यंत धडपडत गेली.

"सावकाश!" मंचावरून रखवालदार ईनॉक ब्लूमर ओरडला. "एक फाटलंय तेवढं पुरे आहे आज."

मंचावर क्लेमचा ड्रमसेट होता, त्यानं सोडला तसा. क्लेम सिडवे, डोरीनचा नवरा, 'रेड नेलर्स' बँडचा ड्रमर. ओसाकाहून, साओ पावलोहून पोरंपोरी यायची आणि त्याच्या रिकाम्या स्टुलासमोर टोपी काढून उभी राहायची. गावासाठी मात्र तो साखळ्या घडवणाऱ्या नेलीचा नातू. आजीच्या घणाच्या तालावर पाळणा हलला, म्हणून पोराचा हात असा पडतो, असं गल्लीतल्या बायका सांगायच्या.

त्याच्या मृत्युदिनी दर वर्षी गाव इथं जमायचं आणि 'ठोका' द्यायचं. म्हातारे यायचे, तान्ही कडेवर यायची. प्रत्येकाचा एकच ठोका, क्लेमच्या स्नेअरवर. स्नेअर म्हणजे सेटमधला तो बोलका ढोल, वादकाच्या गुडघ्यांमधे बसणारा, पोटाखाली तारांचा पट्टा असलेला. सगळं जग प्लॅस्टिकवर गेलं तरी क्लेमनं त्यावर वासराचं कातडं सोडलं नव्हतं. हे कातडं त्यानं स्वतः चढवलेलं शेवटचं.

आता त्यावर कडेनं चंद्रकोरीसारखी चीर गेली होती, चांगली तोंड वासलेली. चिरेच्या दोन्ही काठांवर एकेक चिकट डाग होता, अर्धा इकडे, अर्धा तिकडे.

डोरीन कोट काढून हातावर घेऊन उभी होती. तिच्यामागे खिडकीतल्या मेणबत्त्याही मान टाकून वाकल्या होत्या.

"आज ठोक्याला माझा लिंडन येणार होता," ती हळूच म्हणाली. "बाप गेल्यापासून पहिल्यांदा. 'येतो' म्हणाला होता, हेस्टर. आणि आज हे." तिनं हेस्टरचं मनगट धरलं. "त्यानं केलं असेल तर मला सांगू नकोस." मग पकड घट्ट झाली. "नाही. आधी मलाच सांग."

२

लिंडननं ढोल सोडला तो मिसरूड फुटायच्या आधी. एका वार्ताहरानं विचारलं होतं, वडलांचा वारसा चालवणार का? लिंडन म्हणाला होता, "त्या ढोलानं माझा बाप खाल्ला. मला काय चालवायचंय?" ते छापून आलं. क्लेमनं वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं, बोलला काहीच नाही. नंतर बोलायला तो उरला नाही.

हे सगळं गावाला पाठ होतं. म्हणूनच डोरीनला पोलीस नको होते.

"किल्ली कुणाकडे?" हेस्टरनं ईनॉकला विचारलं.

"माझ्याकडे. आणि एक पन्हळीमागं खिळ्याला."

"ती कुणाला माहीत आहे?"

"गुपित आहे ते," ईनॉक गंभीरपणे म्हणाला. "म्हणजे सगळ्या गावाला माहीत आहे."

"काल शेवटचं कधी आला होतास?"

"दिवेलागणीनंतर. खुर्च्या मांडल्या, दिवे घालवले, कुलूप लावलं. ढोलाकडे नाही पाहिलं. इथं माशाच्या पोटासारखं गार होतं, कोण थांबतंय?" तो टोपी हातात गोल गोल फिरवत होता. बोलताना खिडकीजवळच्या जुन्या शेगडीला पाठ लावून उभा राहिला होता आणि तिथून हलत नव्हता.

"ढोल सैल असतो ना एरवी?"

"सैलच. क्लेमचा नियम. ठोक्याच्या आधी मी थोडा चढवतो, झालं की लगेच उतरवतो. का, ते नका विचारू. तो सांगायचा, मी करतो."

हेस्टर खाली वाकली. ढोलाच्या कडेचे स्क्रू चकचकीत होते, पण प्रत्येकावर काळ्या बोटांचे ठसे होते. डांबरासारखा वास येत होता. तिनं डोरीनकडे पाहिलं नाही. नेदरटनच्या कालव्यावर बोटींच्या तळांना डांबर कोण लावतं, हे दोघींनाही माहीत होतं.

ती उठायला लागली तेवढ्यात पहिल्या बाकाखाली काहीतरी लकाकलं. खिशातला चाकू होता, पातं उघडं. मुठीवर दोन अक्षरं कोरलेली, डी आणि टी.

३

डेस्मंड टिबेट्स, गावाचा डेस, 'रेड नेलर्स'चा गायक, हॉटेलच्या जेवणघरात नाश्ता करत होता. केस कोळशाहून काळे, भुवया पांढऱ्या.

"माझा चाकू!" तो खूश झाला. "कुठं सापडला?"

"फाटलेल्या ढोलाच्या समोर."

त्याचा घास घशातच राहिला. हेस्टरनं पाणी पुढं केलं.

"हे बघ, हेस्टर. क्लेमचा आणि माझा छत्तीसचा आकडा होता, मान्य. मी जीव तोडून गायचो आणि लोक म्हणायचे, काय ढोल वाजलाय! माझ्या लग्नातसुद्धा त्याच्याभोवती गर्दी. पण ढोल फाडून काय होणार? आज माझं भाषण आहे. ढोलच नसला तर ते ऐकणार कोण?"

"मग चाकू?"

"काल दिवेलागणीच्या आधी भाषणाचा सराव करायला गेलो होतो. सफरचंद कापून खाल्लं. गळ्याला बरं असतं. पण आत जायच्या आधी ओसरीत थांबलो होतो मी, कारण आत कोणीतरी होतं. टक टक, मग थांबायचं. टक टक, मग थांबायचं. आयुष्यभर ऐकलंय ते, चुकणार नाही. कोणीतरी ढोल चढवत होतं. मग मी दाराला लाथ घातली, रुतलेलं ते. आत गेलो तर चिटपाखरू नाही."

"ढोलाला हात लावलास?"

"मी? बघितलंसुद्धा नाही त्याच्याकडे!" तो फार पटकन म्हणाला.

मागच्या टेबलावरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. फिलिपा प्रेस्कट, जुन्या ढोलांच्या संग्रहालयाची बाई, उत्तरेहून आलेली. तिला हा स्नेअर हवा होता आणि डोरीननं तिला दोनदा नाही म्हटलं होतं. तिच्या हातात पांढरे सुती मोजे होते, चहा पितानासुद्धा.

"माफ करा, कानावर पडलं. त्या वेळी मी चॅपेलच्या मागे फोटो काढत होते. पुढचं दार धाडकन वाजलं आणि त्याच क्षणी मागच्या दारातून एक माणूस पळाला. उंच. हातात काहीतरी लोखंडी होतं."

"ओळखलंत?"

"बाई, मी त्याच्या बापाचे शेकडो फोटो जपलेत," फिलिपा म्हणाली. "ती चाल मी अंधारातही ओळखेन."

४

नेदरटनला कालव्याच्या काठावर एक बोट पालथी पडली होती आणि तिच्या तळावर लिंडन सिडवे डांबराचा ब्रश चालवत होता. हात कोपरापर्यंत काळे.

"हेस्टरमावशी! आईनं पाठवलं? येतो म्हणालो ना संध्याकाळी. अंघोळ करूनच येईन, सांग तिला."

"काल चॅपेलमधे गेला होतास?"

ब्रश थांबला. "नाही."

"नक्की?"

"मी त्या बाजूला फिरकलोसुद्धा नाही. काय काम माझं तिथं?"

खोटं बोलणारी माणसं हेस्टरनं पोतंभर पाहिली होती. हा फारच वाईट खोटं बोलत होता. त्याची आई पण अशीच. दोघंही खोटं बोलताना कानाची पाळी ओढतात.

"लिंडन, स्नेअरचं कातडं फाटलंय."

हेस्टर त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तिथं राग येईल, भीती येईल, किंवा खोटा धक्का येईल, याची तिला सवय होती. आलं ते यातलं काहीच नव्हतं. हात पोळलेल्या पोरासारखा तो दिसायला लागला.

"मधून फाटलं," त्यानं विचारलं, "की कडेनं?"

"कडेनं."

तो बोटीला टेकला, मग घसरत खाली बसला. "मग मीच फाडलं," लिंडन म्हणाला. "आईला सांग, मीच. आणि संध्याकाळी मी येत नाही."

५

गुन्हेगारानं कबूल केलं की पोलीस घरी जातात. हेस्टर आता पोलिसांत नव्हती, म्हणून घरी गेली नाही.

परत चॅपेलमधे येऊन ती एकटीच ढोलासमोर बसली. कबुली होती, ठसे होते, पाहणारा साक्षीदार होता. आणि तरी तिच्या मनाला काही पटेना. कोणी ढोल फाडायला येतो आणि आधी एकेक स्क्रू आवळून त्याला सुरात आणतो? जीव घ्यायला आलेला माणूस समोरच्याचे केस विंचरत बसत नाही.

तिनं चिरेवरून बोट फिरवलं. चीर कडेपर्यंत जात होती, आणि कडेशी थांबत नव्हती. लोखंडी कड्याच्या खाली, आतपर्यंत गेली होती. तिनं डेसच्या चाकूचं पातं कड्याखाली सारून बघितलं. शिरेना. नखही शिरेना. म्हणजे चीर तिथून सुरू झाली होती जिथं कुठलाच चाकू पोचत नाही. कापलेलं नव्हतं हे. ताणानं तुटलेलं होतं.

मग लिंडनचंच खरं? त्यानं जास्त आवळला?

तिनं तो चिकट डाग हुंगला. गोडसर. नखानं खरवडला तर त्यात लाल सालीचा एक कण निघाला. अर्धा डाग चिरेच्या अलीकडे, अर्धा पलीकडे. हेस्टर एकदम ताठ बसली.

आणि मग तिला दार आठवलं. तिनं वळून पाहिलं, ते अजून सैलसं उघडंच होतं, काल रुतून बसलेलं ते दार. तिनं खिडकीकडे पाहिलं. पलीकडच्या खिडकीतल्या मेणबत्त्या सरळ होत्या. वाकल्या होत्या त्या फक्त शेगडीजवळच्या.

ती उठली आणि शेगडीच्या लोखंडावर तिनं तळहात ठेवला.

लोखंड अजून कोमट होतं.

६

दिवेलागणीला चॅपेल भरलं. फाटलेला ढोल पाहून गाव कुजबुजत होतं. हेस्टरनं पाचही जणांना मंचामागच्या खोलीत बोलावलं. लिंडन यायला तयार नव्हता. हेस्टरनं त्याला शाळेतल्या पोरासारखं दंडाला धरून आणलं होतं, डांबरासकट.

डोरीननं मुलाकडे पाहिलं आणि पुन्हा हेस्टरकडे. "सांग," ती म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"डेस, तू ढोलाला हात लावलास," हेस्टरनं सुरुवात केली.

"नाही म्हटलं ना!"

"कातड्यावर सफरचंदाचा रस आहे."

डेसनं छताकडे पाहिलं. "एक टिचकी मारली. एकच. गावाला एकेक ठोका मिळतो आणि मला भाषण! मलाही वाटतं कधीतरी. पण तेव्हा ढोल धडधाकट होता, आईशप्पथ. टण्ण वाजला."

"ठाऊक आहे. तुझ्या बोटाच्या डागाचे चिरेनं दोन तुकडे केलेत. म्हणजे आधी तुझी टिचकी, मग चीर. आणि तू आत यायच्या आधीच लिंडन मागच्या दारानं पळालेला. फिलिपाबाईंनी पाहिला. त्याच्या हातात होती ती ढोलाचे स्क्रू आवळायची चावी." ती लिंडनकडे वळली. "तू गेलास तेव्हा ढोल शाबूत होता, पोरा. नंतर कोणीतरी त्यावर टिचकी मारून सफरचंदसुद्धा संपवलं."

"पण मी जास्त आवळला," लिंडन म्हणाला. "ठोका पडला की फुटणार, असा."

"किती आवळलास, डेस सांगेल. चढला होता का फार?"

"फार?" डेसनं डोळे मिटले. "क्लेमच्याच सुरात होता तो. तंतोतंत. म्हणून तर माझा हात गेला." क्लेमबद्दल त्याच्या तोंडून निघालेलं हे पहिलंच चांगलं वाक्य असावं.

"मग काय झालं?" फिलिपा म्हणाली. तिचे मोजे घातलेले हात एकमेकांत गुंतले होते. आणि मग तिच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "वासराचं कातडं! अरे देवा. ओल होती. काल ओल होती ना इथं?"

"दार फुगण्याइतकी. ओलं कातडं लोळागोळा होतं. लिंडननं ते ओलसर असताना सुरात आणलं, म्हणजे बरंच आवळावं लागलं. त्यात चूक काही नाही. क्लेम तसंच करायचा आणि वाजवून झालं की उतरवायचा. लिंडनला उतरवायला मिळालं नाही, कारण डेसनं दाराला लाथ घातली. तेवढ्यानंही काही बिघडलं नसतं. आज सकाळी ईनॉकनं उतरवला असता. पण रात्रभरात दार आक्रसलं, मेणबत्त्या वाकल्या, आणि आवळलेलं कातडं शेकून इतकं आखडलं की कडेनं फाटलं. ईनॉक, माशाच्या पोटात शेगडी कुणी पेटवली रे?"

ईनॉकची टोपी हातातून खाली पडली.

"समितीनं मनाई केलीय कोळशाला," तो पुटपुटला. "ती विजेची पेटी बसवलीय, तिच्यानं उंदीरसुद्धा शेकत नाही. गेल्या वर्षी डोरीनबाई इथं किती खोकल्या! महिनाभर अंथरुणाला होत्या. म्हटलं, रात्रभर कोळसा धुमसत ठेवला तर भिंती तरी गरम होतील. मला काय माहीत, ढोल चढलेला आहे!" त्यानं नाक ओढलं. "मला काढून टाका."

मग डोरीन हसायला लागली. आधी नाकातून, मग पोटातून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "म्हणजे कोणीच नाही," ती म्हणत राहिली. "कोणीच नाही गं, हेस्टर! एकानं ढोलाला जपलं, एकानं मला." तिनं ईनॉकच्या गालाचा मुका घेतला. तो तांबडालाल झाला. "तुला कोण काढतंय? समितीची अध्यक्ष मी आहे."

मग ती लिंडनसमोर उभी राहिली. "पण तू गेलास कशाला, लपून?"

लिंडननं कानाची पाळी धरली आणि सोडून दिली. खोटं सांगायचं राहून गेलं.

"आज ठोका द्यायचा होता. म्हटलं, सैल ढोलावरून हाक मारली तर बाबांना ऐकू जाणार नाही. आणि बघायचं होतं, मला येतं का अजून." तो जमिनीकडे बघत होता. "लहानपणी शिकवलं होतं त्यांनी. एक स्क्रू फिरवायचा, मग समोरचा. हातांना आठवत होतं, आई. मी विसरलो होतो, हात नव्हते विसरले."

डोरीननं त्याचे काळे हात धरले. तिचे पांढरे कफ डांबरानं भरले. तिनं बघितलंही नाही.

७

ठोका द्यायला ढोल नव्हता. फिलिपा म्हणाली, तिच्याकडे नवं कातडं आहे, पण ते भिजवून, चढवून, वाळवून उद्या संध्याकाळी. तिनं ते द्यायचं कबूल केलं आणि बदल्यात काही मागितलं नाही. फक्त चढवताना बघू द्या, म्हणाली.

डेस मंचावर गेला, भाषणाचा कागद काढला आणि परत खिशात कोंबला. "लिंडन वाजवेल," तो म्हणाला. आयुष्यातलं सर्वांत छोटं भाषण होतं ते.

"स्नेअर नाही," लिंडन म्हणाला.

"बाकीचं तर आहे."

लिंडन बापाच्या स्टुलावर बसला. त्यानं पायानं मोठा ढोल वाजवून बघितला, झांजेला काठी लावली, आणि मग सुरू केलं. त्या गावात ज्यावर लग्नं लागली, पोरं झोपली, माणसं पुरली, तीच चाल. पाय, झांज, पाय, आणि मग जिथं स्नेअरचा ठोका पडायचा तिथं त्याची काठी हवेतच थांबली. रिकामी जागा. क्लेमचा तो ठोका नेहमी केसभर उशिरा पडायचा. दारात उभं राहिल्यावर आतून येणाऱ्या पावलांसारखा. आला नाही की काय, असं वाटेपर्यंत थांबायचा आणि मग यायचाच.

पहिल्यांदा ती जागा रिकामीच गेली. दुसऱ्यांदा कुठंतरी मागं, कुणीतरी बाकावर तळहात मारला. केसभर उशिरा, बरोबर तिथंच.

तिसऱ्यांदा सगळ्या गावानं मारला.

कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मोजलं नव्हतं. म्हाताऱ्यांनी काठ्या आपटल्या, आयांनी कडेवरच्या बाळांचे तळवे धरून बाकावर ठेवले. ओसाकाची एक पोरगी रडत रडत मांडीवर हात मारत होती, आणि तिचाही हात तिथंच पडत होता. लिंडननं मान वर केली. तो गावाकडे बघत वाजवत राहिला आणि गाव त्याचा ढोल होऊन वाजत राहिलं. फाटण्यासारखं त्यात काही नव्हतं.

हेस्टरनं डोरीनकडे पाहिलं. डोरीन टाळ्या वाजवत नव्हती. हात मांडीवर सैल पडले होते. फार दिवसांनी ओझं उतरवून बसल्यासारखी ती नुसती बसली होती.

सगळं संपल्यावर, गर्दी पांगल्यावर, लिंडन खाली आला. घामानं न्हालेला.

"जेवायला ये घरी," डोरीन म्हणाली.

"आई, उगाच कशाला आता..."

"वाटाणे भिजत घातलेत मी कालपासून. बेकनही आणलंय." ती कोटाची बटणं लावायला लागली. डोळे बटणांवरच ठेवून म्हणाली, "दोघांपुरते घातलेत. मी एकटी कशी संपवणार?"